चांदीचे कडे एक

धुळ्याच्या सेशन कोर्टात त्या खटल्याच्या दिवसांत जेवढी सभ्य माणसं मी पाहिली, तेवढी एका जागी पुन्हा कधी पाहिली नाहीत, आणि पाहायची हौसही नाही. पांढरीशुभ्र धोतरं, इस्त्रीचे कोट, कपाळावर गंध. कोणी पेढीवरून उठून आलेलं, कोणी शाळेतून रजा टाकून. ज्या दिवशी पोरीची साक्ष होती त्या दिवशी दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आपल्या गावाला न्यायाची इतकी ओढ आहे हे मला आधी ठाऊक नव्हतं. ओढ न्यायाची नव्हतीच. जळगावच्या शेटच्या बंगल्यात काय चालायचं ते त्यांना ऐकायचं होतं, आणि तेही डोंगराकडच्या एका पोरीच्या तोंडून. जज्जसाहेबांनी साक्षीच्या त्या भागापुरती दारं लावून घ्यायला सांगितली, तेव्हा खेळ रद्द झाल्यासारखी मंडळी कुरकुरत बाहेर गेली. त्यात माझ्या शाळेचे हेडमास्तरही होते.

मी मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, दोन खोल्यांचं घर होतं. पोलिसांना अशीच बाई हवी होती. पोरीला तुरुंगात ठेवता येत नव्हतं, आश्रमवाल्यांना ती नको होती, आणि बापाकडे पाठवली तर खटला उभा राहायच्या आत शेटची माणसं तिथे पोचली असती. म्हणून एका दुपारी एक हवालदार तिला माझ्या दारात उभी करून म्हणाला, "बाई, खटला होईपर्यंत सांभाळा. सरकारचं काम आहे." शेजारच्या बायांनी त्या दिवसापासून माझ्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं तर सोडाच, विरजणसुद्धा मागायचं बंद केलं. बरं झालं. तेवढंच दूध वाचलं.

पोर शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची. वीसच्या आतबाहेरची असेल. पावसावरची शेती, डिंक, मोहाची फुलं वेचायची, उरलेल्या महिन्यांत मजुरी. सरकी निवडायचं काम आहे, कापसाच्या जिनमध्येच राहायला खोली आहे, असं सांगून एका मुकादमिणीने तिला आणि आणखी दोघींना जळगावला नेलं. काम जिनमध्ये नव्हतं. शेटच्या बंगल्यात त्यांना कोंडून ठेवलं, तिथे कोण कोण येत होतं हे तिने बंद दाराआड साहेबांना सांगितलं, ते मी इथे सांगणार नाही. ऐकायला आतुर असलेल्यांची मला किळस येते. मग एके दिवशी त्यांना ट्रकमध्ये घालून इंदूरकडे विकायला नेत होते. सोनगीरच्या नाक्यावर ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा हिने फाळक्यावरून उडी टाकली आणि एका तांबटाच्या दुकानात, घागरींच्या मागे जाऊन बसली. तांबटाने पोलीस बोलावले. बाकीच्या दोघी ट्रकबरोबर गेल्या त्या गेल्याच. मुकादमीणही गायब झाली. उरला शेट, आणि त्याच्याविरुद्ध ही एकटी.

तिचा बाप दर तारखेला यायचा. कोर्टाच्या ओसरीवर भिंतीला टेकून उकिडवा बसायचा, आत कधी आला नाही. जातीचे पंच बसले होते, आणि पहिल्याच भेटीत त्याने मला काय ते स्पष्ट सांगून टाकलं. "बाई, पंच बसनात. साहेब बोलना पोर खरी शे, तं मी तिले घर लई जासू. नही तं पंच आमले बठ्ठासले वाळीत टाकतीन. मना घर आखो पोरेसोरे शेतस." मला त्याचा संताप आला होता. पोर तुझी, आणि ती खरी की खोटी हे खुर्चीवरच्या साहेबाने सांगायचं? पण तो रडत होता, आणि त्याचे पंच काही आमच्या गल्लीपेक्षा वाईट नव्हते. आमच्या गल्लीने तर निकालाचीही वाट पाहिली नव्हती.

म्हणजे साहेब काय म्हणतात यावर पोरीचं घर अवलंबून होतं. शेटला शिक्षा किती होईल याची तिला फारशी फिकीर नव्हती. तिला घरी जायचं होतं. माझ्याकडे ती चार महिने होती. भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापायची, आणि चुलीशी बसली की पाड्यावरच्या शेळ्यांची नावं एकेक करून सांगायची. माणसांची नावं मात्र घ्यायची नाही.

तिच्या बोलण्याला पुरावा म्हणून एकच वस्तू होती. बंगल्यात नेल्या दिवशीच तिच्या हातातलं चांदीचं कडं काढून घेतलं होतं, आणि पोलिसांच्या झडतीत शेटच्या कपाटात एक कडं सापडलं. शेटचं म्हणणं, ते त्याच्या आजीचं. पोर आपण जन्मात पाहिलेली नाही. कडं पोरीचं ठरलं की पोर बंगल्यात होती हे ठरत होतं, आणि मग बाकीचं सगळंच ठरत होतं. सरकारी वकील मला म्हणाले, "काळजी करू नका. कड्यावर केस उभी आहे." मुद्देमालात त्याला लावलेली चिठ्ठी होती: चांदीचे कडे एक.

शेटने वकील मुंबईहून आणला होता. गोरा, मऊ आवाजाचा, पोरीला "बाळ" म्हणणारा. मला असली माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत. त्याने कडं तिच्या पुढे धरलं.

"हे तुझंच का, बाळ?"

"मनंच शे."

"कशावरून?"

"मनी मायनं शे. माले ढिलं व्हये, म्हनीसन मायनी त्याले काळा दोरा गुंडाळेल व्हता."

"असं का? मग दोरा कुठे गेला?"

पोरीने कडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. दोरा नव्हता. एक धागाही नव्हता. कडं लखलखीत होतं. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काढून ठेवला होता.

"घाल बघू हातात," वकील म्हणाला.

तिने घातलं. हात खाली सोडल्याबरोबर ते मनगटावरून, पंजावरून सरळ घसरलं, पिंजऱ्याच्या लाकडावर आपटलं आणि घरंगळत शिरस्तेदाराच्या टेबलाखाली गेलं. या वेळेस दारं उघडी होती. लोक हसले. पट्टेवाला वाकून टेबलाखालून कडं काढत होता तर आणखी हसले. वकील फक्त म्हणाला, "माझं झालं, साहेब." आणि साहेबांनी लिहून घेतलं की वस्तू साक्षीदाराच्या हातात बसत नाही. लोक हसले हे कुठे लिहिलं नाही. पोर रिकामं मनगट दुसऱ्या हाताने धरून उभी होती, तेही नाही. कोर्टाचा कागद फार निवडक असतो.

घरी आल्यावर ती जेवली नाही. "दोरा व्हता बाई, मायनी शपथ," एवढंच म्हणत राहिली. मला मात्र विचार करता करता एक गोष्ट सुचली. पंचनाम्यात कड्याचं वजन लिहिलेलं होतं. वजन पोलिसांनी केलं नसणार. जळगावच्या सोनाराकडून करून घेतलं असणार. आणि कुठला सोनार दोऱ्यासकट चांदी तोलेल?

जळगाव माझं माहेर. हवालदाराला विचारलं तर सोनार आमच्याच गल्लीतला निघाला. माझ्या लग्नातले डागदागिने त्याच्याच हातचे. रविवारी एस.टी.ने गेले. नाना दुकानात शेगडी फुंकत बसले होते. मी कड्याचा विषय काढला तर उलट तेच माझ्यावर हसले.

"अगं, दोऱ्यासकट कोण तोलतं? दोरा, मेण, लाख, सगळं काढायचं आणि मग माल काट्यावर टाकायचा. आमच्या बापजाद्यांपासूनची रीत आहे. नाहीतर लोक चोर म्हणतील. मीच कापला तो. तेल पिऊन घट्ट झाला होता, सुरी लावावी लागली. मग रिठ्याच्या पाण्यात घासून पुसून दिलं. साहेबांपुढे जायची वस्तू, काळीकुट्ट कशी द्यायची?"

"आणि पंचनाम्याचे पंच?"

"होते की, बाहेर ओट्यावर उभे. हवालदारही तिथेच होता. मी आतून वजन सांगितलं तसं लिहून घेतलं त्याने."

मला हसावं की रडावं कळेना. कोणी काही चोरलं नव्हतं, कोणी लाच खाल्ली नव्हती. एका सोनाराने आपला धंदा नीट केला होता, हवालदाराने वजन बरोबर लिहिलं होतं, आणि त्या नीटनेटकेपणात पोरीची सगळी साक्ष केराबरोबर झाडून टाकली होती. मी विचारलं, "नाना, हे कोर्टात सांगाल?" ते म्हणाले, "विचारलं तर सांगेन. खोटं कशाला बोलू?" त्यांच्या सुनेने मला चहा दिला, पोहे दिले. मी सरकारी वकिलांना येऊन सांगितलं, आणि नानांना समन्स गेलं. त्या आठवड्यात पोर दोन्ही वेळा पोटभर जेवली.

नाना कोर्टात आले ते नवी टोपी घालून. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, कड्याला दोरा होता का?

"आठवत नाही."

"तुम्ही तो कापलात का?"

"रोज पुष्कळ डाग येतात, साहेब. आठवत नाही."

मी समोरच बसले होते. त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मुंबईचा वकील उठलासुद्धा नाही. कशाला उठेल? मधल्या काळात शेटच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि तिचे सगळे दागिने कुणाकडे घडायला टाकले होते ते जळगावात पोराटोरांना ठाऊक होतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ओसरीवर नाना मला गाठून म्हणाले, "मला जळगावात राहायचंय, पोरी." मी म्हटलं, "राहा की. शंभर वर्षं राहा." त्यानंतर माहेरी गेले तरी त्या गल्लीला लांबून वळसा घालत असे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा असंही मला वाटत नाही.

निकाल इंग्रजीत होता. साहेब खाली मान घालून भराभर वाचत होते, आणि शेट हात जोडून उभा होता, आरतीला उभं राहावं तसा. संपल्यावर सरकारी वकिलांनी आम्हाला बाजूला घेऊन मराठीत सांगितलं. मुद्देमाल साक्षीदाराचा असल्याचं शाबीत होत नाही. साक्षीदाराचं कथन विश्वास ठेवण्याजोगं नाही. आरोपीस संशयाचा फायदा. आणि कडं? कडं ज्याच्या कब्जातून जप्त झालं त्याला परत. मी विचारलं, "म्हणजे शेटला?" ते फाइलीची दोरी बांधत म्हणाले, "कायदाच तसा आहे, बाई."

पोर शेजारीच होती. चार महिन्यांत तिला आमची मराठी चांगली समजायला लागली होती. ती म्हणाली, "मंग मी खोटी?" मी तिचा हात धरून तिला ओसरीवर आणलं. बाहेर शेटच्या गळ्यात हार पडत होते. पेढे वाटत होते. एकाने पेढा माझ्यापुढेही धरला. मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने तो स्वतःच खाल्ला.

बाप हारांच्या गर्दीकडे बघत होता. तो आम्हाला पाहून उठला आणि पटका सारखा करत पुढे आला.

"बाई, काय बोलना साहेब?"

त्या इमारतीत महिनाभर जो तो देवाला स्मरून पिंजऱ्यात चढला आणि तोंडाला येईल ते बोलून उतरला. मला कोणी शपथ घातली नव्हती. मी म्हटलं, "आबा, साहेब म्हणाले, तुमची पोर खरं बोलली. सगळं खरं बोलली. तिला घरी न्या."

"मंग त्याले हार कसाना?"

"सुटला तो. पैसेवाला आहे, सुटणारच. पण पोर खरी, असं साहेबांनी वाचून दाखवलं."

"आनी कडं?"

"ते सरकारजमा. पुरावा असतो, देत नाहीत परत."

खरं काय ते त्याला पाड्यावर जाऊन कोण सांगणार होतं? आमच्या धुळ्या-जळगावाकडून तिकडे जातात कोण, तर पोरी आणायला जाणारे. आणि ते कशाला तोंड उघडतील? तरी म्हातारा लगेच हलला नाही. पंचांपुढे उभं राहायचं होतं त्याला. त्याने माझ्यावरून नजर काढली आणि लेकीकडे पाहिलं.

"खरंच आसं बोलना का वं, साहेब?"

मुंबईच्या वकिलाने पोरीला दोन दिवस उभं-आडवं सोललं होतं, तरी तिच्या तोंडून एक शब्द खोटा निघाला नव्हता. तिने रिकामं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. मग मान वर करून बापाला म्हणाली, "हां, बा. आसंच बोलना."