सापडलं तर सांगा

रफू करणाऱ्याचं काम दिसलं, की ते फसलं म्हणून समजा. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी रफूकाका तुम्हाला अर्धे कळले. कोटाला सिगारेटचं भोक पडो नाहीतर उंदराने शाल कुरतडो, काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि उभा-आडवा एकेक धागा सुईने असा विणायचे, की गिऱ्हाईक आपलंच भोक शोधत बसायचं. कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, बोटं फिरवायचं. काका मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, "सापडलं तर सांगा." आणि सापडायचं नाही, काय बिशाद!

एका लॉन्ड्रीच्या दारालगत त्यांची खुर्ची होती. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यात वाळवणीचं यंत्र आलं. मालक भला माणूस. जागाच उरली नाही हो काका, म्हणाला आणि त्यांची पिशवी उचलून घरापर्यंत सोडायला आला. काकांनी त्या यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या. मग लोकांना घातल्या, फाटलं की फेकून मोकळे होतात म्हणून. मग शिव्याही संपल्या आणि काका खिडकीशी नुसतेच बसू लागले. घरात बसलेला कामाचा माणूस फार वाईट दिसतो हो. काकूंना ते बघवेना.

अशात एका मोठ्या दुकानाला कोटांच्या दुरुस्तीसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. काकांनी फोन केला, तर तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, तुमच्या वेबसाइटची लिंक पाठवा, कामाचे फोटो बघून कळवते. काकांचा पारा चढला. इथे जिवंत माणूस बोलतोय, त्याला बोलावून हात बघायचे सोडून फोटो कसले बघता! पण हे बाईंना नव्हे, फोन ठेवल्यावर काकूंना ऐकवलं. कारण दुसरीकडून कुठूनच बोलावणं नव्हतं, आणि हेही गेलं तर सुया कायमच्या डबीत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेकीने त्यांच्या फोनवर एआय टाकून दिला होता. बोलायचं आणि तो करून देतो, एवढं तिने शिकवलं होतं. काका त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ऐसपैस बोलले. त्याने बघता बघता साइट उभी केली. वर काकांचं नाव, खाली कामाची माहिती, फोन नंबर. काकांनी पिवळा रंग बदलायला लावला, माहितीतला 'कलाकार' हा शब्द काढायला लावला. त्याने हूं की चूं केलं नाही. काकू म्हणाल्या, हा बरा आहे, उलट बोलत नाही. कितीतरी महिन्यांनी घरात हसू आलं.

मग त्याने कामाचे फोटो मागितले. काकांनी काकूंच्या जुन्या शालीचा पाठवला, शेजारच्या मास्तरांच्या कोटाचा पाठवला. दोन्ही कामं ऐन उमेदीतली. तो म्हणाला, शाल आणि कोट चांगले दिसताहेत, पण यात दुरुस्ती कुठे आहे ते मला ओळखता येत नाही. काकांची छाती फुगली. "बघ," ते काकूंना म्हणाले, "यालाही सापडत नाही!" पण मॅनेजरबाईंनाही सापडणार नव्हतं, ही पंचाईत होती. एआयने उपाय सुचवला, की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी लावू. आता आधीचा आणायचा कुठून? भोकाचा फोटो कोण काढून ठेवतो?

काकांनी कपाटातून स्वतःचा लोकरी कोट काढला. लेकीच्या लग्नात शिवलेला. काकू हळूच म्हणाल्या, राहू द्या ना, एखादं जुनेर घ्या. एरवी त्यांचा आवाज पार जिन्यापर्यंत जायचा. पण काका कसले ऐकतात! खिशाच्या वर कात्री लावली, भोकाचा फोटो काढला आणि खिडकीशी बसले. मान मोडेपर्यंत बसले. धागा दोनतीनदा तुटला, तर धाग्यालाच बोल लावला. शेवटी कोट लांब धरून पाहिला. काही दिसेना. काकूंनीही मान हलवली. फोटो गेला.

एआय म्हणाला, "फोटो छान आलाय. खिशाच्या वरची रफूची जागा आता स्पष्ट दिसते. तिथलं कापड थोडं गडद आणि किंचित आवळलेलं आहे. पहिल्या फोटोशेजारी ठेवलं, की तुमचं काम लगेच लक्षात येईल."

बिचाऱ्याने कौतुकच केलं होतं.

काकांनी कोट उचलला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याखाली गाठाळ उंचवटा लागला. मग एकेक आठवत गेलं. पिशवी उचलून घरापर्यंत आलेला लॉन्ड्रीवाला. आणि अलीकडची गिऱ्हाइकं. वा काका, म्हणायची, घडी घालायची आणि निघायची. कपडा उजेडात कुणी धरतच नव्हतं. काकांना वाटायचं, विश्वास बसलाय.

"तुला दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "दोनेक वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं कसं?"

फोनमध्ये तो विचारत होता, साइट सुरू करायची का. काकांनी नको म्हणून सांगितलं. बरं म्हणाला तो. काकूंनी कोट घडी करून आत नेला. काकांनी सुयांची डबी बंद केली आणि सवयीने खिशात टाकली. मग पुन्हा बाहेर काढली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून हातात धरून बसून राहिले.