कुसुमताईंचा शालू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी जन्मभरात फक्त विडी लपवली, तीही तिला वासानं कळायची. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा जीभ वळतेय. पण एकदम मुद्द्यावर येणं जमणार नाही मला. जरा वळसा घालून येतो — चालेल ना?

मी साळवे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर तारा जोडल्या आणि सन ऐंशीच्या सुमारास निवृत्त झालो. नाशिकच्या इंदिरानगरात घर बांधलं होतं. तेव्हा तिथं घरं थोडी, मोकळं रान जास्त. निवृत्त माणसाला खरा त्रास कसला होतो सांगू? सकाळचे दहा वाजण्याचा. दहा वाजतात आणि जगात कुठंच कुणी तुमची वाट बघत नसतं. मी गुलाब लावून पाहिले, बुद्धिबळ खेळून पाहिलं. गल्लीतले ट्रान्झिस्टर दुरुस्त केले — काही बरे झाले, काही कायमचे गप्प. मग एक दिवस गच्चीवर उभा असताना ध्यानात आलं, की डोक्यावर एवढं ऊन फुकट पडतंय आणि आपण खाली रॉकेलच्या रांगेत उभे राहतोय!

झालं. पत्र्याच्या पिंपाला काळा रंग फासला, आंघोळीचं पाणी तापायला लागलं. लाकडी पेटीला वरून काच लावली आणि द्राक्षांचे बेदाणे केले. ते मात्र झकास व्हायचे, अख्ख्या गल्लीला वाटले. त्याच पेटीत खिचडी लावली. ती सकाळी ठेवली की दुपारच्या चहाला शिजायची. सुमन म्हणायची, "अहो, सूर्याला सांगा ना, वात जरा मोठी कर म्हणावं!"

फार आनंदात होतो मी. रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदना, पंचशील आणि मग गच्ची. माझ्या लेखी ते दोन्ही एकच होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधावं, सापडलं की भीती जाते — धम्मातून मी एवढंच घेतलं आणि तेवढंच गल्लीभर सांगत फिरलो. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी परत फिरला, तर त्याला थांबवून व्याख्यान द्यायचो. पुढे पुढे लोक मलाच लांबून बघून रस्ता बदलायचे. मांजर परवडलं म्हणत असतील.

शेजारी कुसुमताई. मधे फक्त एक अरुंद बोळ. आमच्या गच्चीच्या कठड्यावरून वाकलं की त्यांची वरच्या मजल्याची गॅलरी दिसायची. त्यांचे यजमान आम्ही राहायला येण्याआधीच गेलेले. सोमवारचा उपास, श्रावणात त्र्यंबकेश्वर, आणि बोलणं एकदम रोखठोक.

"साळवेभाऊ, तुमचं पाणी तापतं ते सूर्यनारायणाच्या कृपेनं हो, पिंपाच्या नव्हे."

"मग ताई, पांढऱ्या पिंपावर त्याची कृपा का होत नाही?"

असं चालायचं आमचं. चेष्टेत जीव होता दोघांचाही.

त्यांची एकुलती एक मंगल. शाळेत शिक्षिका. तिचं शाळेतल्याच एका मास्तरांशी जुळलं — आणि मास्तर आमच्या समाजातले, बौद्ध. कुसुमताई महिनाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या, सुमनच्या हातचा चहा घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "तुमच्यासारखीच असतील ना ती माणसं? मग मला काय भ्यायचंय? देते मी मुलगी."

त्या रात्री सुमन रडली. मी नाही रडलो, पण नाक शिंकरत बसलो.

आता जवळ आलो मुद्द्याच्या. बघा — अजूनही मन म्हणतंय, बेदाण्यांचंच सांग.

त्या उन्हाळ्यात मी आरसे गोळा केले होते. सलूनवाल्यांकडचे, काचेच्या दुकानातल्या कचऱ्यातले. सारख्या चौकोनात कापून एका मोठ्या फळीवर असे तिरके बसवले, की सगळ्यांचं ऊन मिळून कठड्याजवळच्या पिंपावर एकाच जागी पडावं. सूर्यफूल म्हणायचो मी त्याला. त्या जागेवर धरलेलं सुकं पान बघता बघता धूर सोडायचं. अट एकच. सूर्य सरकतो, म्हणून फळी सारखी फिरवत राहायची. तिथून हलायचं नाही.

मी हललो. खाली एकजण ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. तो उघडला आणि त्यातच रमलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुसुमताईंचा ओरडा ऐकू आला.

धावत वर गेलो. सूर्य चढला होता आणि आरशांचं ऊन पिंपावरून घसरून बोळापलीकडे त्यांच्या गॅलरीत उतरलं होतं. पांढराशुभ्र, थरथरणारा तुकडा. गॅलरीतल्या दोरीवर शालू होता. त्यांच्या लग्नातला, यजमानांनी स्वतः पसंत करून आणलेला. मंगलला द्यायचा म्हणून ट्रंकेतून काढून सावलीत, वाऱ्यावर टाकलेला. पदरावर तळहाताएवढा काळा डाग, मधे भोक, आणि धूर. ताई पदराकडे बघत होत्या, माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी काय केलं? आरशांवर गोणपाट टाकलं.

मग खाली उतरलो, त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, "काय झालं, ताई?"

हो. असंच विचारलं.

त्या शांत होत्या. म्हणाल्या, "सावलीत होता हो भाऊ. आग नाही, उदबत्ती नाही. नेमका हाच, नेमका आज." मग अगदी हळू, "यांना पसंत नाही. यांनी सांगितलं मला."

लग्न थांबलं.

दुसऱ्या दिवशी मंगल आमच्या गच्चीवर आली. कठड्याला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले. "काका, आई फक्त तुमचं ऐकते. तिला सांगा ना, कापड आपोआप कसं जळेल? काहीतरी कारण असेल ना?"

कारण गोणपाटाखाली होतं. हात लांबवला असता तरी दाखवता आलं असतं. आणि मी — कारण शोधा, कारण शोधा म्हणून गल्लीला पिडणारा मी — काय बोललो माहितीये? जुनी जर, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, हवेतला दमटपणा, त्यातून रासायनिक क्रिया. एप्रिलच्या नाशकात दमटपणा! तिनं वेड्यासारखा विश्वास ठेवला. मला हाताला धरून आईसमोर नेलं, आणि मी तेच पुन्हा म्हटलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मला सरबत दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आज तुमच्या बोलण्यात दम नाही. माझी समजूत काढताय तुम्ही."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? दार उघडून दिलं होतं त्यांनी. मी सरबत प्यायलो.

का गप्प राहिलो, याची कारणं मी पुढे पुष्कळ जमवली. मुलगा आमच्या समाजातला, माझ्या चुकीचा बोल त्याच्यावर, त्याच्या माणसांवर येईल. ताईंनी एवढा विश्वास टाकला, तो मोडेल. खोटी नाहीत ही कारणं. पण गोणपाट टाकताना यातलं एकही मनात नव्हतं. तेव्हा एवढंच होतं — गल्ली हसेल. साळवे उन्हानं साड्या जाळतो म्हणतील.

मंगल वर्षभर थांबली. मग तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही माझी. आई आली नाही. पण मंगलला मुलगा झाला आणि ताई डिंकाचे लाडू घेऊन गेल्या त्या तिथंच दोन महिने राहिल्या. जावयाचं कौतुक तर असं सुरू झालं, की मंगलच वैतागायची. संसार छान झाला हो तिचा. आजही छान आहे. सूर्यफुलाचे आरसे मी तेव्हाच काढून टाकले. पाणी साध्या पिंपात तापतंच.

एका श्रावणात सुमन आणि मी ताईंना एसटीनं त्र्यंबकेश्वरला घेऊन गेलो. त्या दोघी दर्शनाच्या रांगेत, मी बाहेर चपला सांभाळत. बऱ्याच वेळानं त्या आल्या, चेहरा उजळलेला. मी नेहमीसारखी चेष्टा केली, "काय मागितलंत एवढा वेळ?"

"यांची माफी," त्या म्हणाल्या. "लेकीपायी यांचा शब्द मोडला ना मी. दरवर्षी मागते." मग माझ्या हातावर पेढा ठेवला. "तुमच्यासाठीही मागितलं. म्हटलं, आमच्या भाऊंचं डोकं असंच चालू राहू दे."

सुमन हसली. मीही हसलो. पेढा खाल्ला.

मला कुणी विचारतं, तुम्ही बौद्ध, तुम्ही देवळाबाहेर कशाला बसलात? मी म्हणतो, शेजाऱ्यासाठी. खरं म्हणजे त्या दिवशी आत एक बाई माझ्या चुकीची माफी मागत होती, आणि मी तिच्या चपला राखत होतो. रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या ओळीवर माझा आवाज बारीक होतो. सुमनला वाटतं, वय झालं.

गेल्या हिवाळ्यात कुसुमताई गेल्या. शेवटच्या आजारपणातही हसत होत्या. मला म्हणाल्या, "आता वर गेल्यावर आधी यांची बोलणी खायची आहेत बघा." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्यानं बायकोला शालू आणला, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक. त्याची या लग्नाला ना नव्हती, हो नव्हतं — तो काहीच म्हणाला नव्हता. ते शब्द मी त्याच्या तोंडी राहू दिले, आणि ताई ते खरे मानून गेल्या.

शालू मी जाळला.