दंडावर वण उठला नाही

माझे वडील देवीडॉक्टर. डॉक्टर कसले, आरोग्य खात्यातले लस टोचणारे. पण भालकी तालुक्यातल्या खेड्यांत लोक त्यांना तसंच म्हणायचे. पुढं देवीचा रोगच गेला, खात्यानं त्यांना दुसरी कामं दिली, तरी नाव काही सुटलं नाही.

टोचून निघून जाणं त्यांना जमायचं नाही. आठव्या दिवशी सायकलवर परत त्याच घरी जायचं आणि दंड बघायचा. फोड भरला असेल तर लस लागली. नसेल तर पुन्हा सुई, मग त्या घरच्यांनी कितीही शिव्या घालोत. माझ्या डाव्या दंडावरचे दोन गोल वण त्यांच्याच हातचे आहेत. "माझा वण असलेल्या एकालाबी देवी आल्या न्हाईत," हे मी शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा "व्हय अप्पा, कळलं" म्हणून उठून गेलेय.

अशा माणसाला करोनाचे दोन्ही डोस मीच नेऊन दिले. तेव्हा बीदरला आमच्या घरी आम्ही दोघंच. दुसऱ्या डोसानंतर आठव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर अप्पा सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून खिडकीच्या उजेडात उभे.

"काय बघायलात?"

"काहीच उठलं न्हाई. लागली न्हाई ही."

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरोघर जाऊन लोकांना लसीला काढायची ड्यूटी केलेली बाई मी, आणि माझ्याच घरात हे. म्हटलं, "अप्पा, हिचा वण उठत नसतो. हे बघा, मोबाईलवर सर्टिफिकेट आलंय."

"कागदाला काय कळतंय? मी दंड बघत होतो."

ते खोलीबाहेर पडेनात. कुणी आलं की खिडकीतूनच बोलायचे. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतून तीन माणसं गेली होती, तेव्हा मी चालवून घेतलं. पण पुढं लाट ओसरली, शाळा सुरू झाल्या, लोकांचे डोस झाले. दारात आलेल्याला पाणी विचारायच्या आधी आम्ही "दोन्ही झाले का?" विचारायचो. झाले म्हटलं की चप्पल काढून आत या, बसा, मास्क कशाला. मीही तशीच वागत होते.

मग येळवस आली. आमच्याकडं या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही. सगळे रानात, कडब्याच्या कोपीपाशी, मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन. खटकचिंचोळीचं आमचं रान धाकटा भाऊ बघतो. त्याचा फोन आला, या म्हणून. रोगानं रूप बदललंय, नवी लाट येतेय, हे टीव्हीवर चाललं होतं. अप्पा म्हणाले, "तू जा. मी येत न्हाई."

"कामून? दोन्ही झालेत की तुमचे."

त्यांनी सदऱ्यावरूनच आपला दंड चाचपला. तेव्हा मी जे बोलले ते आज लिहितानाही माझी मला शरम वाटते. मी म्हटलं, "देवीडॉक्टर म्हणं, आणि घरात लपून बसलेत. लोक हसायलेत अप्पा."

अप्पा उठले, धोतर नेसले, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले.

रानात पाच-सहा घरची माणसं. सगळ्यांचे दोन्ही झालेले, एकाच्याही तोंडावर मास्क नाही. भाऊ सारखा नाक ओढत होता. विचारलं तर म्हणाला, "थंडीची सर्दी हाय अक्का. माझे दोन्ही झालेत." आंबिलीचा एकच तांब्या हातोहात फिरत होता. अप्पा लांब बांधावर बसले होते, तिथं तो भावानंच नेऊन दिला. अप्पांनी तांब्या हातात धरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घ्या की." त्यांनी घेतला.

चौथ्या दिवशी भाऊ, त्याची बायको, शेजारचे, मी, सगळ्यांना ताप. घसा दुखला, अंग मोडून आलं, तीन दिवसांत सगळे हिंडायला लागले. अप्पांचा ताप उतरला नाही. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा खाली यायला लागला तशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर भला माणूस होता. त्यानं समजावलं: विषाणू बदललाय, डोस झालेल्यांनाही गाठतोय, पण लस आहे म्हणून बहुतेकांचं सर्दीतापावर भागतंय. यांचं वय, त्यात साखर, आणि डोसाला आठ महिने होऊन गेलेत, जोर ओसरलाय. म्हाताऱ्यांना तिसरा डोस द्यायचं नुकतंच सुरू झालं होतं. मी माना डोलावत होते. विज्ञान मला कळतंच की. मला एवढंच आठवत होतं, की ते घरात बसले होते आणि मी त्यांना हिणवून बाहेर काढलं.

दवाखान्यात सहाव्या दिवशी अप्पा गेले. शेवटचं तोंड बघायला भाऊ आला, पण बांधावर तांब्या कुणी नेऊन दिला यावर आम्ही दोघं आजवर बोललो नाही.

ते गेले त्याच्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मला वरून खालपर्यंत झाकून पाच मिनिटं आत सोडलं होतं. अप्पांना भान नव्हतं. नर्सबाई आली की ते तिचा दंड चाचपायचे. ती म्हणाली, सकाळपासून असंच करायलेत. ते फेरीवर होते, खेड्यात, आठव्या दिवसाच्या. मी वाकले तर माझाही डावा दंड धरला. त्या प्लास्टिकच्या झग्यावरून त्यांचा अंगठा बरोबर वणाच्या जागी गेला आणि तिथंच थांबला. मग ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून, मला न ओळखता, ते नर्सबाईला कन्नडमध्ये म्हणाले, "हिला लागलीय. हिला काही होत न्हाई."

मला काही झालंही नाही. तीन दिवसांच्या तापावर भागलं.