स्टीलचा गडवा

दर्यापूरच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहताना तो माझ्या शेजारी बसला होता. हातात स्टीलचा नवाकोरा गडवा. दुपट्ट्याच्या टोकाने तो सारखा पुसायचा आणि बोटांचे ठसे उमटले की पुन्हा पुसायचा. अमरावतीची एक कंपनी घरोघरी भांडी विकायला माणसं नेमत होती. हा गडवा त्यांचाच नमुना, आधी दारोदार दाखवून पाहायला दिलेला. संध्याकाळी त्याला हो की नाही ते सांगायचं होतं.

"माल बेस हाये," तो म्हणाला. "बाया हातात घेतला का सोडत नाई."

"मग अडतंय कुठे?"

"आमी दीक्षा घेतली, बौद्ध झालो. पण दारावर गेलो का बाई इचारते, तुमी कोनाचे? सांगतलं का गडवा खाली ठेवते. दुकानदाराले हे कोनी इचारत नाई."

"मग सांगूच नका," मी आगाऊपणे म्हणालो.

त्याचा हात थांबला. तो उठला, नळावर गडवा भरून तोंड लावून प्याला. मग विसळून पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. मला तहान होती. मी प्यालो.

गाडी आली.

"हो म्हनून टाकतो त्याईले," पिशवी उचलत तो म्हणाला. "दारावर उभा राह्यलो का पयले नाव सांगीन, मंग भाव."

मला मात्र त्याने नाव सांगितलं नाही. पाणी पिताना मी विचारलंच नव्हतं.