उरलेला बर्फ

नवऱ्याच्या अस्थी घेऊन मित्सुए घरी परतली, तेव्हा नारा शहराच्या रणरणत्या उन्हात त्याचे सोनमासे टाकीत वर येऊन धापा टाकत होते. पाणी कोमट झालं होतं. नणंद, हारुयो, अंत्यविधीआधी शवाभोवती ठेवलेल्यातला उरलेला ड्राय आइस उचलून धावली.

"वहिनी, उरलाय तो टाकते!"

"नको गं! त्याचा वायू पाण्यात मिसळून गुदमरतील बिचारे."

मित्सुएनं टाकीवर वेताचा पडदा ओढला आणि हवा मिसळावी म्हणून टाकीतलंच पाणी ओगराळ्यानं उंचावरून सोडत राहिली. हळूहळू मासे खाली गेले.

"वाचले बाई! चल आत, दादाला उदबत्ती लावायचीय."

"तू लाव," मित्सुए म्हणाली आणि तिनं पुन्हा ओगराळं भरलं.