सिएस्ता फ्लॉवर्सची भवानी

नाशकातल्या दुकानांना परदेशी नावं देण्यात माझ्या चांदवडच्या मामाचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. अत्तराच्या खोक्यांवरचे, बिस्किटाच्या पुड्यांवरचे शब्द तो वहीत उतरवून ठेवी आणि अर्थाच्या वाटेला मुळीच जात नसे. म्हणून आमच्या भागात चपला 'बॉन अपेटी फुटवेअर'मध्ये, म्हणजे 'पोटभर जेवा' नावाच्या दुकानात मिळतात आणि नवऱ्या मुली नटायला 'त्सुनामी ब्युटी पार्लर'मध्ये जातात. कुणी हसलं की मामा ऐटीत म्हणे, "नाव समजलं की गिऱ्हाईक पुढं जातं. नाय समजलं की आत येऊन इचारतं!"

पण नाव ठेवून अंग काढून घेणारा तो नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी तो दुकानासमोर पालथ्या क्रेटवर बसायचा आणि भवानी होईपर्यंत चहाचा घोटही घ्यायचा नाही.

मळ्यातली फुलं व्यापाऱ्याला न देता मी हट्टाने स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा सासरे म्हणाले, "महिनाभर बघू. नाही चाललं, तर पुन्हा मळ्यात." माझा जीव टांगणीला, आणि मामा पाटी घेऊन हजर: 'सिएस्ता फ्लॉवर्स'! शेजारच्या मेडिकलवाल्याने मोबाइलवर अर्थ शोधून दाखवला. मी रडकुंडीला आले. "अहो मामा, सिएस्ता म्हणजे दुपारची झोप!"

"मंग? मोगरा दुपारी काय करतो? झोपतोच ना! संध्याकाळी उठतो अन् घमघमतो. लय बेस नाव हे."

शेवटी पाटी लागली. सकाळ गेली, दोन वाजले, फुलं मलूल व्हायला लागली, तरी एक गिऱ्हाईक फिरकेना. चहावाचून मामाचं डोकं चढलेलं, पण गडी क्रेटवरून हलला नाही. तेवढ्यात एक निवृत्त मास्तर सायकलवरून उतरले. "काय हो, हे सिएस्ता म्हणजे काय?"

"आधी हार घ्या मास्तर, मंग सांगतो!"

मास्तरांनी हसत हार घेतला. मामाने डोळे पुसले आणि चहा मागवला. बशीत ओतता ओतता म्हणाला, "चांदवडला माझंबी कापडाचं दुकान व्हतं. नाव साधं, समजणारं. लोकांनी वाचलं अन् पुढं गेले. दिवसभर एकटाच बसायचो बघ." हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटी सासरे स्वतः मळ्यातून फुलं घेऊन दुकानात आले.

मामा जाऊन आता वर्ष झालं. परवा पेंटर म्हणाला, "ताई, पाटी पुसट झालीय, आता एखादं बरं नाव टाकू." मी म्हटलं, "तेच रंगव, जसंच्या तसं." अजूनही कुणीतरी अर्थ विचारायला आत येतं, आणि मी आधी हार घ्यायला लावते. मामाची फार आठवण येते. त्याचा क्रेट दारातच आहे, आणि भवानी होईपर्यंत मीही चहा घेत नाही.