गेट आणि अमावास्या

पाऊस उघडल्यावर भाजे गावातल्या आमच्या घराचं लोखंडी गेट साफ करायला काढलं. धाकटा भाऊ आंबीच्या एका कारखान्यात आहे, त्यानं कॉम्प्रेसर आणि वाळू मारायची गन आणून दिली. मास्क, चष्मा लावून मी दिवसभर वाळू मारली. दर दिवाळीला वडिलांनी गंजावरच चढवलेले निळे-हिरवे थर उडाले आणि खालून पांढुरकं, स्वच्छ लोखंड निघालं. प्रायमरचा डबा उघडतोय तोच आई बाहेर आली.

"आज अमावास्या हाय. जुनं काढलंस ते चालतंय, नवं काय लावायचं न्हाई."

"अगं आई, असं उघडं लोखंड रात्रभर ठेवतात का?"

"एका रात्रीनं काय हुतंय?"

मी चरफडत डबा बंद केला. सकाळी पाहतो तर डोंगरावरून उतरलेल्या धुक्यानं गेट ओलंचिंब आणि वरपासून खालपर्यंत नारिंगी. मी ओरडूनच आईला बोलावलं. तिनं गजावरून बोट फिरवलं, गंज पदराला पुसला आणि शांतपणे म्हणाली,

"तरी मी म्हणत हुते, अमावास्येला कामच काढू नगंस."